पुसलेला ‘जर’

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. स्फाक्स शहरातल्या एका प्रयोगशाळेच्या जिन्याखाली, तोंड भिंतीकडे करून उभा आहे. तोंड भिंतीकडे म्हणजे कुणी मला शिक्षा केली असे समजू नका. माझ्या अंगावर खडूने काढलेले एक झाड आहे आणि ते पुसले जाऊ नये म्हणून मला असे ठेवले आहे. त्या झाडाची एक फांदी मधेच बोटभर तुटलेली आहे. ती कशी तुटली तेवढेच मला सांगायचे आहे. पण त्यासाठी जरा मागे जावे लागेल.

गाबेसच्या बाजारात लझहर नावाच्या सुताराने मला बनवले. साध्या पाइनच्या फळ्या, त्यावर काजळी आणि सरसाचा लेप. प्रत्येक खिळ्यावर हातोडी उचलताना तो देवाचे नाव घ्यायचा, त्यामुळे माझ्या अंगात जेवढे खिळे आहेत तेवढ्या वेळा देवाचे नाव ठोकलेले आहे असे मी मानतो. खजुराच्या रिकाम्या खोक्यांबरोबर मला मालगाडीवर चढवले आणि दक्षिणेला, ऐन सिद्रा नावाच्या गावी, एका खोलीच्या शाळेत आणून टांगले.

‘ऐन’ म्हणजे झरा. गावाचे नावच झऱ्यावरून पडले होते. शाळेच्या खिडकीतून तो मला दिसायचा. खजुरींच्या सावलीत हिरवे, कोमट पाणी आणि त्यात बोटाच्या पेराएवढे पट्ट्यापट्ट्यांचे मासे. मुले मधल्या सुट्टीत पाय सोडून बसत आणि मासे त्यांच्या टाचा कुरतडत. गावात त्यांना ‘झऱ्याच्या लेकी’ म्हणत. त्यांना कुणी धरत नसे. मुलगी लग्न होऊन गाव सोडायला निघाली की आधी झऱ्यावर जायची, भाकरीचा चुरा पाण्यात टाकायची आणि म्हणायची, “बायांनो, आईकडे लक्ष ठेवा.” मगच गाडीत बसायची.

त्या पाण्याचे राखणदार होते मबरूक. कुणाच्या बागेला किती वेळ पाणी सोडायचे हे त्यांच्या हातात होते. पाट वळवण्याची त्यांची कुदळ जितकी चोख, तितकाच त्यांचा गळा गोड. मौलूदच्या, म्हणजे पैगंबरांच्या जन्माच्या, महिन्यात शाळेचे अंगण झाडून चटया अंथरत आणि मला बाहेर काढून त्यांच्या पाठीशी उभे करत, गाणाऱ्याच्या पाठीला वारा लागू नये म्हणून. काय तो सोहळा, मित्रांनो! मबरूक आधी गायचे. मग थांबून कथा सांगायचे. कथा रंगात आली की शब्द आपोआप पुन्हा सुरात शिरायचे, आणि समोरचे सगळे गाव धृपद उचलायचे. त्यांची लाडकी कथा हाजरा आईची. तहानेने व्याकूळ लेकराला वाळूवर ठेवून ती माउली दोन टेकड्यांमध्ये पाण्यासाठी धावते आहे, धावते आहे, आणि शेवटी लेकराच्या टाचेखालून पाणी फुटते. त्या ओळीवर मबरूक असा आवाज सोडत की बायका ओढणीच्या टोकाने डोळे टिपत. मी तर लाकूड. पण तो सूर माझ्या पाठीत शिरून मुरला तो मुरलाच.

मबरूकची मुलगी बेया माझ्यावरच अक्षर शिकली. पहिल्यांदा खडू हातात धरला तेव्हा ती आलिफ, म्हणजे पहिलेच अक्षर, नुसती उभी रेघ, आडवा काढून बसली होती. मबरूक खिडकीतून म्हणाले, “अगं, त्याला उभा कर, झोपलाय तो.” सगळा वर्ग हसला आणि बेयाही हसली.

पुढे बेया शिकायला बाहेर गेली. शाळेत गुळगुळीत पांढरा फळा आला आणि माझी रवानगी शेळ्यांच्या कुंपणात झाली. एका सुट्टीत बेया घरी आली, तिने मला तिथे पाहिले आणि तिचा चेहराच पडला. दुसऱ्या दिवशी मी स्फाक्सच्या वाटेवर, भाड्याच्या गाडीच्या टपावर दोरीने बांधलेला.

ड्रायव्हर कुरकुरला, “ताई, स्फाक्समध्ये फळे मिळत नाहीत का?”

“मिळतात. पण त्यांना माझं अक्षर ओळखू येत नाही.”

अशा रीतीने मी प्रयोगशाळेत आलो. इथे जिवांचे वंशवृक्ष काढत. प्रत्येक जिवाच्या पेशीत डीएनएची एक लांबलचक ओळ असते, अवघ्या चार अक्षरांत लिहिलेली. आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे ती उतरत जाते आणि उतरताना कुठे कुठे एखादे अक्षर बदलते. वेगवेगळ्या जिवांच्या ओळी शेजारी शेजारी ठेवायच्या, कोण कुणाचा जवळचा ते ताडायचे आणि झाड काढायचे. झाड काढायचे काम संगणकाचे. पण प्रयोगशाळेचे प्रमुख सी तिजानी (‘सी’ म्हणजे इकडचे ‘श्री’) फार जुन्या वळणाचे गृहस्थ. त्यांचा नियम होता की संगणकाने दिलेले झाड आधी हाताने माझ्यावर काढायचे, आणि झाडाच्या आधी वरच्या कोपऱ्यात चौकट आखून त्यात ‘जर’ लिहायचा.

हा ‘जर’ म्हणजे काय? तर संगणक काहीतरी धरून चालतो. जर सगळी अक्षरे एकाच वेगाने बदलत असतील, तर झाड असे येते. जर काही अक्षरे घाईने आणि काही सावकाश बदलत असतील, तर तसे येते. तुलनेसाठी घराण्याबाहेरचा एक परका मासा मुळाशी उभा करावा लागतो, तो हा घेतला तर एक झाड, तो घेतला तर दुसरे. आपण धरलेल्या गोष्टी बदलल्या की कधी कधी सगळे घराणेच हलते. म्हणून सी तिजानी म्हणायचे, “झाड हलवून बघा. एकेक ‘जर’ बदला आणि पुन्हा काढा. जी फांदी प्रत्येक वेळी जागेवर राहील तीच खरी धरा. बाकीच्यांवर चढू नका.”

बेयाबरोबर काम करणारी नजीहा मोठी थट्टेखोर. एकदा म्हणाली, “सी तिजानी, लग्नालासुद्धा तुम्ही ‘जर’ लावूनच होकार दिला असेल.”

“लावला होता ना,” ते चहा ढवळत म्हणाले. “तिनं पुसला.”

ते माझे चांगले दिवस होते. परदेशी पाहुणे यायचे आणि संगणकाचे मोठमोठे पडदे सोडून माझ्यापुढे उभे राहायचे. “या कोपऱ्यासाठी हा फळा सोन्यात मढवायला हवा,” असे कुणी तरी म्हणाले तेव्हा बेयाने माझ्या चौकटीवरून हात फिरवला. मी शाळेतला, लहान. माझ्यावर एका वेळी एकच झाड मावायचे. पण त्याचे दुःख मला तेव्हा नव्हते.

मग ती बातमी आली. ऐन सिद्राचे पाणी नळाने दूरच्या एका कारखान्याला न्यायचे ठरत होते. राजधानीत समिती बसली होती. गावकऱ्यांनी अर्ज केले, तेव्हा समितीने एकच प्रश्न विचारला. झऱ्यातले हे मासे वेगळ्या जातीचे, फक्त इथलेच आहेत, की खालच्या कालव्यांत सगळीकडे दिसतात तेच? वेगळे असतील तर झऱ्याला हात लावणार नाही. तेच असतील तर पाणी जाईल.

प्रश्न बेयाच्या पुढ्यात आला.

तिने झऱ्यातल्या माशांच्या आणि कालव्यातल्या माशांच्या ओळी शेजारी ठेवल्या. पहिले झाड काढले. कोपऱ्यात लिहिले, ‘जर सगळी अक्षरे एकाच वेगाने बदलत असतील.’ झऱ्याच्या लेकी कालव्याच्या माशांत मिसळून गेल्या, जणू सख्ख्या बहिणीच. बेयाने ते पुसले आणि ‘जर’ बदलला. ‘जर काही अक्षरे फार घाईने बदलत असतील.’ आता त्या लेकी सुटून खाली, पार मुळाजवळ, एका लांब फांदीवर एकट्या उभ्या राहिल्या. जगात त्यांच्या जवळचे कुणीच नाही अशा!

सी तिजानींनी नजीहाला समजावून सांगितले ते मीही ऐकले. “दोन अनोळखी वाटसरू एकाच धुळीतून चालत आले तर दोघांचे कपडे सारखेच मळतात. लांबून बघणारा म्हणतो, भाऊ आहेत. गरम पाण्यातल्या माशांची अक्षरं भराभर बदलतात, आणि भराभर बदलणाऱ्या दोघांत काही अक्षरं योगायोगानंच सारखी होतात. भोळा ‘जर’ धरला की ती धूळच नातं वाटते.”

“मग हेच झाड पाठवते,” बेया म्हणाली. “यात आपल्या लेकी एकट्या उभ्या आहेत.”

“परका मासा बदलून बघितलास?”

“बघितला.”

“मग?”

परका बदलला की लेकी पुन्हा कालव्यात जाऊन बसत होत्या.

“ते झाडच चुकीचं असेल,” ती म्हणाली.

“असेल. मलाही तसंच वाटतं. पण कशावरून?”

“त्या माझ्या गावच्या आहेत हो, सी तिजानी.”

“म्हणून तर दुप्पट हलवून बघ, पोरी. आपल्याला हवं ते झाड आपण निवडलं, तर उद्या ते त्यांना हवं ते निवडतील, आणि मग आपल्याला बोलायला तोंड राहणार नाही.”

बेयाने ते झाड पाठवले नाही. तिने समितीला प्रामाणिकपणे कळवले, की उत्तर अजून पक्के नाही, सीमेपलीकडच्या झऱ्यांतले मासे यायचे आहेत, ते आले की सांगू, तोवर थांबा.

समितीने माणूस पाठवतो असे कळवले.

तो माणूस आला त्याच सकाळी मबरूकही आले. लेकीची प्रयोगशाळा त्यांनी कधी पाहिली नव्हती. खांद्यावर खजुरांची टोपली, हातात बायकोने दिलेल्या मकरूदच्या गोड वड्या, डोक्यावर सणाची लाल टोपी. इथली रीत अशी होती की पाहुणा आला की फळ्यावर त्याचे नाव लिहून स्वागत करायचे. त्या दिवशी माझ्यावर पहिलेच, साधे झाड होते. सगळे ‘जर’ पुन्हा क्रमाने तपासायचे म्हणून बेयाने ते नुकतेच काढले होते. झाडाने सगळी जागा व्यापलेली. झाड पोचले नव्हते असा फक्त तो ‘जर’चा कोपरा. जिन्यावर बापाचा खोकला ऐकू आला, तशी बेयाने धावत येऊन बाहीने कोपरा पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘बाबा, मरहबा.’

मबरूक दारातच थांबले. हळूहळू वाचले. मग माझ्याकडे नीट पाहिले. “अरे! हा तर आपला शेळ्यांचा फळा!”

“शाळेचा, बाबा.”

“शाळेचा, शेळ्यांचा आणि माझ्या पाठीचासुद्धा.” त्यांनी हात टेकवून माझी खुशाली विचारावी तसे चौकटीवर थोपटले. मला त्या क्षणी पाठीतला सूर हलल्यासारखे वाटले. “आणि हे काय काढलंयस?”

“माशांचं झाड. कोण कुणाचं, ते.”

“यात आपल्या लेकी कुठं आहेत?”

तेवढ्यात समितीचा माणूस आला. त्याचे नाव बूबकर. माणूस वाईट नव्हता, हसतमुख होता. बेया म्हणाली, “हे काम अजून चालू आहे हं, हे शेवटचं नाही.”

“हो हो, कळलं. आम्ही फक्त बघायला आलोय,” तो म्हणाला. मग मबरूकना म्हणाला, “काका, तुम्ही झऱ्याचे राखणदार ना? उभे राहा बघू फळ्याजवळ. झकास फोटो येईल.”

मबरूक लाजले. “मी कशाला? मी काय केलंय?”

“राहा ना, बाबा,” बेया हसून म्हणाली. तिनेच पुढे होऊन त्यांची टोपी सरळ केली. नजीहा मागून ओरडली, “मबरूककाका, दात दाखवा, आहेत तेवढे!” सगळे हसले. सी तिजानी त्या दिवशी बाहेरगावी होते. कोपऱ्यात ‘जर’ नाही हे कुणाच्याही लक्षात आले नाही. मबरूक माझ्या डाव्या अंगाला ताठ उभे राहिले, एक हात झाडावर लागू नये म्हणून छातीशी धरून, आणि हसले. फोनने टिचकी वाजवली.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

काही आठवड्यांनी बेया राजधानीहून परत आली. पिशवी खाली न ठेवताच तिने सी तिजानींना सगळे सांगितले. समितीच्या अहवालाच्या पहिल्याच पानावर तो फोटो होता. खाली ओळ होती, ‘प्रयोगशाळेचा वंशवृक्ष, झऱ्याच्या राखणदारासह.’ त्या झाडात झऱ्याच्या लेकी कालव्याच्या माशांतच होत्या. निर्णय झाला होता.

“मी म्हटलं, साहेब, त्या झाडाला एक ‘जर’ आहे. तर ते म्हणाले, बाई, फोटोत तर कुठं ‘जर’ दिसत नाही. फोटोत तुमचे वडील दिसतात, खूश दिसतात. मी म्हटलं, मी लेखी कळवलं होतं, थांबा म्हणून. ते म्हणाले, अनिश्चित म्हणून कळवलंत, आणि फळ्यावर तर निश्चित काढून ठेवलंत. आता आम्ही काय समजायचं?”

सी तिजानींनी डोक्याला हात लावला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. बेया माझ्यापुढे आली. नवे मासे येईपर्यंत काम थांबले होते, त्यामुळे ‘बाबा, मरहबा’ अजून कोपऱ्यात तसेच होते. तिला ते पुसवेना आणि बघवेना. शेवटी नजीहाने तिला बाजूला नेले आणि स्वतः ओल्या फडक्याने माझे सगळे अंग पुसले.

नळ घातला गेला. पुढचे मला बेयाच्या आणि नजीहाच्या बोलण्यातून कळत गेले. झऱ्याचे पाणी पहिल्यांदा गुडघ्यावर आले, मग घोट्यावर. गावच्या बायकांनी हंडे, बादल्या, पिठाची ताटे भरभरून मासे घरी नेले, अंगणातल्या हौदांत सोडले. पण हौदाचे पाणी थंड आणि गोडे, आणि त्या लेकींना हवे होते झऱ्याचे कोमट, खारट पाणी. एकेक करून त्या उलट्या तरंगू लागल्या. गावात कुणी तरी मबरूकना म्हणाले, “तूच ना त्या झाडाशेजारी दात काढून उभा होतास?” त्या वर्षी मौलूदला मबरूक गायला बसले. हाजरा आईची कथा सुरू झाली. ती माउली धावली, धावली, धावली, आणि पाणी फुटण्याच्या ओळीशी येऊन मबरूकचा आवाज थांबला. लोकांनी धृपद उचलून वाट पाहिली. ते उठून घरी गेले.

इकडे सीमेपलीकडच्या झऱ्यांतले मासे आले. बेयाने काम सोडले नव्हते. कुणी विचारणार नव्हते, तरी तिने एकेक ‘जर’ बदलला. वेग बदलले. परका बदलला. ओळीतल्या शंकेच्या जागा गाळून पाहिल्या, ठेवून पाहिल्या. डीएनएचे आणखी कितीतरी भाग घेतले. प्रत्येक वेळी झाड माझ्यावर काढले, पुसले, पुन्हा काढले. मी सांगतो ना, माझे अंग झिजले इतके तिने झाड हलवले. आणि प्रत्येक झाडात एक फांदी जागची हलली नाही. झऱ्याच्या लेकी मुळाजवळ, एकट्या, कुणाच्याही बहिणी नसलेल्या. वाळवंटात नद्या होत्या त्या काळापासून त्या तशाच एकट्या चालत आल्या होत्या, फक्त त्या एका झऱ्यात.

तोवर हौदांतली शेवटचीही गेली होती.

मग मबरूक दुसऱ्यांदा आले. या वेळी टोपली नव्हती. वाकले होते. बेयाने त्यांना स्टुलावर बसवले, चहा दिला. त्यांनी तो प्यायला नाही.

“लोक म्हणतात, मी कुठल्या तरी खोट्या झाडाजवळ उभा होतो.”

“बाबा, ते खोटं नव्हतं. अर्धं होतं. कोपरा मी पुसला होता.”

“कशाला?”

“तुमचं नाव लिहायला.”

मबरूकनी चहा बाजूला सारला. मग म्हणाले, “आता खरं काढून दाखव.”

बेयाने खडू घेतला. आधी चौकट आखली. त्यात बारीक अक्षरांत, ओळीखाली ओळ, सगळे ‘जर’ लिहिले. कोपरा काठोकाठ भरला. मग झाड काढले. मबरूक उठून माझ्या अगदी जवळ आले. त्यांचा श्वास मला लागत होता.

“आपल्या लेकी कुठं?”

“ही फांदी. ही एकटी आहे ना, ती.”

“एवढी जुनी?”

“फार जुनी, बाबा. सगळ्यांच्या आधीची.”

मबरूकनी बोट पुढे केले. पाण्याच्या कुदळीने घट्टे पडलेले ते बोट त्यांनी त्या फांदीवर ठेवले आणि मुळापासून टोकाकडे हळूच फिरवले, जसे झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवतात. बोट उचलले तर खडू बोटाला लागून आला होता आणि फांदी मधेच तुटली होती.

ते दचकले. बोटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

“मी पुसली का गं?”

“नाही, बाबा.” बेयाने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. “तुम्ही नाही.”

“मग जोड ना. काढ ना परत.”

तिने खडू उचलला, त्या रिकाम्या जागेपर्यंत नेला आणि तिथेच तिचा हात थांबला. मबरूकचा आवाज थांबला होता ना, तसाच.

“राहू दे, बाबा,” ती म्हणाली. “आता ती अशीच आहे.”

त्यानंतर माझ्यावर कुणी काही लिहिले नाही. सी तिजानी निवृत्त झाले, भिंतीभर उजळ पडदा आला. मला हलवायचे ठरले तेव्हा बेयाने हमालांना हात लावू दिला नाही. नजीहाला घेऊन तिने मला स्वतः खाली आणले आणि तोंड भिंतीकडे केले. अधूनमधून ती जिन्याखाली येते, पाठीमागून माझ्यावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहते. मबरूक थकले आहेत, घरीच असतात, असे ती एकदा नजीहाला सांगत होती. गाण्याचे विचारले की पाणी मागतात, म्हणे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल आणि तुमच्यापुढेही कुणी ना कुणी झाडे काढून ठेवील. अमुक तमुकाचा भाऊ, हे काय नेहमीचेच, ते गेले तरी चालेल, असे सांगणारी. तेव्हा झाड बघण्याआधी कोपऱ्यात बघा. तिथे काही नसेल तर काढणाऱ्याला विचारा, तुम्ही काय धरून चाललात? काय बदललेत तर हे मोडेल? तो सांगेपर्यंत थांबा. आणि तुम्हीच काढणारे असाल, आणि घरचे माणूस जिन्यावर येत असेल, तर स्वागत दारात जाऊन करा. त्याच्या गळ्यात पडा, त्याला चहा द्या. फळ्यावरची एवढीशी जागा मात्र त्याच्यासाठीही रिकामी करू नका.

आणि जिन्याखालचे हे लाकूड कधी तुमच्या हाती लागलेच, तर मला जपून फिरवा. त्या फांदीला हात लावू नका. जोडायलासुद्धा नको.